टिनाचा जमाखर्च

गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरी तालुक्यात घरावरच्या छपराच्या चार जाती आढळतात: गवत, कवेलू म्हणजे कौल, टिन म्हणजे पन्हळी पत्रा, आणि स्लॅब. माणसाची ऐपत वाढते तशी छपराची जात वर सरकते असा सर्वसाधारण समज आहे, आणि सोयरीक जुळवणारे मध्यस्थ तो प्रमाण मानून चालतात. या उतरंडीत टिनाची जागा अवघड आहे. कवेलूवाला त्याच्याकडे वर पाहतो, स्लॅबवाला खाली पाहतो, आणि टिनाखाली राहणारा मे महिन्यात वर पाहायचेच टाळतो.

पन्हळी पत्रा मूळचा इंग्रजांचा. लंडनच्या गोदीत काम करणाऱ्या हेन्री रॉबिन्सन पामर या अभियंत्याने १८२९ साली त्याचे पेटंट घेतले. सपाट पातळ पत्रा दोन टोकांवर टेकवला तर स्वतःच्याच वजनाने मध्ये वाकतो. त्याला पन्हळी पाडल्या की तेवढ्याच लोखंडात तो स्वतःला सावरतो आणि वर चढलेल्या माणसालाही पेलतो. पामरच्या पत्र्याला गंज मात्र सुखाने चढत असे. त्यावरचा इलाज फ्रान्समध्ये स्तानिस्लास सोरेल याने १८३७ साली पेटंटात बांधला: पत्रा वितळलेल्या जस्तात बुडवून काढायचा. तेव्हापासून पत्रा जगभर फिरू लागला. १८५१ साली स्कॉटलंडमधल्या बाल्मोरल येथे राणी व्हिक्टोरियाच्या यजमानांनी नाचासाठी दिवाणखाना उभारला, तोही पन्हळी पत्र्याचा. राजघराणे ज्या छपराखाली नाचले ते आरमोरीत गुरांच्या कोठ्यावर घालतात. यात आरमोरीचा काही कमीपणा नाही; स्कॉटलंडात मेअखेरचा नवतपा नसतो.

जस्ताचे काम समजून घेण्यासारखे आहे. ते लोखंडाला नुसते झाकत नाही. पत्र्यावर ओरखडा पडून लोखंड उघडे पडले तरी आजूबाजूचे जस्त त्याच्या वाट्याची झीज स्वतःवर घेते आणि स्वतः संपेपर्यंत लोखंडाला धक्का लागू देत नाही. एकत्र कुटुंबात हे काम थोरली सून करते. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत जस्त लवकर संपते. आरमोरीला समुद्र नाही, त्यामुळे इथे ते सावकाश झिजते. विकासाचा अनुशेष बाकी असलेला विदर्भ निदान या एका बाबतीत कोकणाच्या पुढे आहे. अलीकडे जस्तात ५५ टक्के ॲल्युमिनियम मिसळलेले लेप आणि त्यावर निळा, हिरवा, लाल रंग चढवलेले पत्रे आले आहेत. ते जास्त टिकतात आणि दुरून शोभतातही. निळ्या पत्र्याखाली गरम कमी होते अशी समजूत मात्र पत्रा विकत घेईपर्यंतच टिकते.

टिनाच्या जमेची बाजू मांडायची तर सुरुवात कवेलूपासून करावी लागते, कारण टिनाचे निम्मे गुण म्हणजे कवेलूचे दोष होत. गावठी कवेलू कुंभार चाकावर घडवतो. चिकट मातीची निमुळती नळी ओढायची, ती पुरती वाळण्याआधीच उभी चिरायची आणि मग आव्यात भाजायची. एका नळीचे दोन कवेलू. घराच्या फाट्यांवर बांबूच्या कमच्या बांधून त्यांवर एक ओळ उताणी आणि एक पालथी मांडली की छप्पर तयार. खिळा नाही, सिमेंट नाही, सगळा कारभार एकमेकांवर रेलून. असा कारभार जितका टिकायचा तितकाच टिकतो. वर्षभरात कवेलू सरकतात, फुटतात, जागा सोडतात, आणि पावसाच्या तोंडावर ते फेरावे लागतात.

कवेलू फेरणे हे नुसते दुरुस्तीचे काम नाही. घराची ती वार्षिक झडती असते. फेरणारा वर चढतो, एकेका पट्ट्यातले कवेलू उचलून बाजूला रचतो, खालचा कचरा लोटून देतो आणि धड कवेलू पुन्हा मांडतो. घरातली माणसे डोक्याला दुपट्टे गुंडाळून खाली उभी असतात. त्यांच्या अंगावर गेल्या वर्षीचा पाचोळा, चिमणीचे जुने घरटे, मुलांचा रबरी चेंडू आणि विंचवाचे एखादे भरलेले कुटुंब या क्रमाने उतरते. एखाद्या वर्षी खालच्या कमचीत खोचून विसरलेला विळाही सापडतो, ज्याच्या चोरीवरून शेजारच्या घराशी दोन वर्षे बोलणे बंद असते. फेरणाऱ्याचे सगळे कौशल्य पायात असते. पाय फाट्यावर पडला तर छप्पर शाबूत राहते. दोन फाट्यांच्या मध्ये पडला तर फेरणारा दाराने न येता घरात येतो.

अडचण अशी की रोहिणी नक्षत्र २५ मेच्या सुमारास लागते आणि मृग ७-८ जूनला. या दोन आठवड्यांत सगळ्या गावाला तोच फेरणारा हवा असतो. एकाच दिवशी चार घरी ‘उद्या येतोच’ असे सांगण्याचा अधिकार एरवी फक्त पुढाऱ्यांना असतो. या पंधरवड्यात तो फेरणाऱ्याला मिळतो. त्याची मजुरी, दोन वेळचा चहा, दुपारचे जेवण, फुटलेल्यांच्या जागी नवे कवेलू आणि एवढे करून पहिल्या पावसात गळलेच तर त्याला पुन्हा शोधून आणण्याची दगदग हा कवेलूचा दरवर्षीचा खर्च आहे. फेरणाऱ्यांची पुढची पिढी वर चढायला तयार नाही, त्यामुळे तो वाढतच जातो. टिन घातलेला गृहस्थ या दिवसांत छपरीत बसून शेजाऱ्याची धावपळ पाहतो. हे सुख रुपयांत मांडता येत नाही, पण टिन घेण्याच्या निर्णयात त्याचा वाटा मोठा असतो.

दुसरी जमा वानरांच्या खाती पडते. गावाला लागून जंगल आणि जंगलाला लागून गाव अशी रचना असल्याने काळतोंड्या वानरांची टोळी आंब्यावरून कवेलूवर आणि कवेलूवरून चिंचेवर असा नित्याचा प्रवास करते. एका उडीला दोन-चार कवेलू हा चालू दर आहे. कवेलू उचलून खाली काय शिजते आहे ते पाहणाऱ्या वानरांच्या गोष्टी गावोगावी ऐकायला मिळतात. त्यांतल्या निम्म्या सोडून दिल्या तरी उरलेल्या पुरेशा आहेत. वास्तुशास्त्राच्या पुस्तकांत छप्पर ठरवणाऱ्या गोष्टी म्हणून ऊन, वारा आणि पाऊस दिलेले असतात. आरमोरीच्या या झाडीपट्टीत चौथे नाव वानराचे घालावे लागेल, आणि खरे पाहता ते पहिले हवे. ऊन-पाऊस पिढ्यान्‌पिढ्या होते तेव्हाही लोक कवेलूखाली राहिलेच. वानरांची वर्दळ वाढली आणि लोक टिनाच्या दुकानात गेले.

टिन वानराच्या उडीने फुटत नाही. आवाज मात्र करतो. भल्या पहाटे पंधरा-वीस वानरे छपराच्या या टोकाकडून त्या टोकाकडे धावली की खाली झोपलेल्याला आपले घर रेल्वेच्या पुलाखाली असल्याचा भास होतो. म्हणजे कवेलूचे नुकसान वाचते आणि झोपेचे सुरू होते. मे महिन्यात दुपारी वानरे टिनावर पाय ठेवत नाहीत, कारण तो भाजतो. त्या वेळी टिनाखाली बसलेला प्राणी वानराहून उत्क्रांत मानला जातो.

वजनाच्या हिशेबात टिनाला तोड नाही. गावठी कवेलूचे छप्पर कमच्यांसकट चौरस मीटरला सत्तर किलोच्या आसपास भरते आणि टिनाचे पाचेक किलो. पंचवीस चौरस मीटरच्या घरावर एकीकडे पावणेदोन टन माती आणि दुसरीकडे सव्वा क्विंटल लोखंड, असा हा फरक आहे. पावणेदोन टन पेलायला जाड मयाली, फाटे आणि खांब लागतात, आणि ते सगळे लाकडाचे. जंगलात राहणाऱ्याला लाकडाची काय वाण, असे शहरातल्या माणसाला वाटते. प्रत्यक्षात घराला लागणारे लाकूड कायदेशीरपणे मिळवायचे म्हणजे अर्ज, परवाना आणि हेलपाटे. बांबूचीही तीच कथा होती. वनस्पतिशास्त्र बांबूला गवतात धरते. १९२७ चा भारतीय वन कायदा झाडांत धरत असे. २०१७ सालच्या दुरुस्तीने जंगलाबाहेर वाढलेला बांबू झाडांतून वगळला आणि नव्वद वर्षांनी त्याला पुन्हा गवत होता आले. टिनाला चार लोखंडी पाइप पुरतात. ते दुकानात मिळतात, त्यांना वाहतूक परवाना लागत नाही आणि उधई त्यांना तोंड लावत नाही.

आता नावे बाजू. तिची सुरुवात मार्चमध्ये होते.

वैनगंगेच्या पलीकडची ब्रह्मपुरी उन्हाळ्यात राज्याच्या तापमानाच्या यादीत वरच्या ओळीत असते, आणि ऊन नदी ओलांडायला नावेची वाट पाहत नाही. हवा ४५ अंशांवर गेली की उन्हातला पत्रा साठ अंश सहज ओलांडतो. पोलादातून उष्णता भाजलेल्या मातीच्या पन्नासेक पट वेगाने जाते. त्यात कवेलू बोटभर जाड आणि पत्रा अर्ध्या मिलिमीटरचाही नाही. शिवाय कवेलूंच्या फटींतून आतली गरम हवा आणि चुलीचा धूर दोन्ही बाहेर पडतात. टिनात फट राहिली तर तो मिस्त्रीचा दोष मानला जातो. नवा चकचकीत पत्रा बरेचसे ऊन परतवतो हे खरे, पण जेवढे पोटात घेतो तेवढे सोडायला तो नाखूश असतो. जुना, काळपट, गंजलेला पत्रा ऊन परतवायच्या भानगडीतच पडत नाही.

टिनाखालची उष्णता डोक्यावरून येते. हवा कितीही हलवली तरी तापलेला पत्रा वरून अंगावर झळ सोडतच राहतो, त्यामुळे पंख्याचे काम आढ्याखाली साठलेली गरम हवा सर्वांना समान वाटणे एवढेच उरते. कूलर लावला तर दारे उघडी ठेवावी लागतात, उघड्या दारांतून शेजारची मुले येतात, आणि एक कूलर तीन घरांचा होतो. दुपारी बारा ते पाच या वेळात घराचा उपयोग कुलूप लावण्यापुरता राहतो. म्हातारी माणसे कडुनिंबाखाली बाज टाकतात आणि बायका कोणाच्या तरी कवेलूच्या घरात तांदूळ निवडायला म्हणून जातात. टिनाच्या घरी लग्नाच्या मोसमात आलेले पाहुणे मुक्काम लांबवत नाहीत. जावई चार दिवसांसाठी आले असले तरी दुसऱ्या दिवशी त्यांना धानाच्या कामाची आठवण होते, शेतात त्या वेळी नुसती ढेकळे असली तरी. हा लवकरचा निरोप खर्चात धरायचा की जमेत, हे ज्या त्या सासऱ्याने ठरवायचे.

सूर्य कलला की टिन बोलू लागतो. तीन मीटर लांबीचा पत्रा चाळीस अंशांच्या चढउतारात सुमारे दीड मिलिमीटर लांबतो आणि तेवढाच आखडतो. आखडताना स्क्रूपाशी अडतो, सुटतो आणि टक्‌ असा आवाज करतो. घरच्यांना त्याची सवय असते. नव्या पाहुण्याला छपरावर कोणीतरी दबक्या पावलांनी चालते आहे असे वाटते, आणि जंगलाच्या मुलखात ‘कोणीतरी’ या शब्दात बरेच प्राणी मावतात.

इथे न्यायाने एक गोष्ट टिनाच्या बाजूने नोंदवली पाहिजे. पत्रा जितक्या लवकर तापतो तितक्याच लवकर निवतो. रात्री नऊपर्यंत तो हाताला थंड लागतो. स्लॅब दिवसभर पिऊन ठेवलेले ऊन मध्यरात्रीपर्यंत खोलीत ओतत राहते. म्हणून मे महिन्यात स्लॅबवाल्याची बाजही अंगणात आणि टिनवाल्याचीही अंगणात, पण पहाटे आत जाऊन झोपण्याचा लाभ आधी टिनवाल्याला मिळतो. थंडीत हाच गुण उलटतो. निरभ्र रात्री पत्रा बाहेरच्या हवेपेक्षाही गार पडतो, घरातल्या माणसांच्या श्वासाचे दव त्याच्या खालच्या अंगावर जमते आणि पहाटे पाच वाजता थेंबाथेंबाने वाकळीवर उतरते. बाहेर पाऊस नसताना घरात गळण्याची ही सोय कवेलूत नाही.

उन्हावरचे उपाय पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाला एक पुरवणी आहे. टिनावर धानाची तणस पसरली तर खोली खरोखर निवते. पहिल्या वादळात ती तणस शेजाऱ्याच्या विहिरीत सापडते, आणि चुलीची ठिणगी वर गेली तर प्रकरण विहिरीपेक्षा पुढे जाते. पांढरा चुना फासला तर ऊन परतते. साध्या चुन्याचा हात पावसाळ्यापर्यंतच, पण गरजही तेवढीच असते. हिरवी जाळी बांधली तर सावली पडते आणि वानरांना झोका मिळतो. काहींनी टिनावरच जुने कवेलू मांडून पाहिले. हा उपाय उष्णतेवर उत्तम आहे. वानरांनीही त्याचे स्वागत केले.

सर्वांत शहाणा उपाय खालून करायचा असतो. पत्र्याच्या खाली हातभर अंतर सोडून बुरडाकडचा बांबूचा तट्टा आडवा ठोकावा आणि मधल्या पोकळीला दोन्ही टोकांना वारा जायला वाट ठेवावी. पत्र्याची झळ तट्ट्यावर अडते, तापलेली हवा वरच्यावर निघून जाते आणि खालची खोली माणसाच्या कामाची राहते. पूर्वीच्या घरांत माळा असे तो हेच काम करी, वर कांदे आणि बियाणे सांभाळून. हा उपाय करणारे थोडे, कारण टिन घेताना सगळे पैसे टिनात गेलेले असतात आणि तट्टा पुढच्या वर्षावर ढकलला जातो. पुढच्या वर्षी मुलीचे लग्न असते.

पावसाळ्यात टिन आपला दुसरा सूर लावतो. झाडीपट्टीत वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. जोराची सर आली की टिनाखालचे बोलणे थांबते. ‘पाऊस थांबू द्या जी, मग बोलू,’ एवढे वाक्य हातवाऱ्यांनी पोचवता येते. सासू-सुनेचे अनेक वाद आषाढात असे तहकूब होतात आणि पोळ्यापर्यंत विरून जातात. टिनाच्या या उपकाराची नोंद कोणत्याही माहितीपत्रकात नाही. टिनाच्या शाळेत गुरुजी फळ्यावर लिहून देतात आणि मुलांना तेच हवे असते. मोबाइलचा सिग्नल जंगलपट्ट्यात मुळातच नाजूक. तो लोखंडी पत्र्याखाली आणखी क्षीण होतो, त्यामुळे फोन आला की माणूस अंगणात पळतो, आणि पाऊस असला की छत्री शोधेपर्यंत फोन बंद होतो. झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो, हे नटांच्या गळ्याचे भाग्य.

वाऱ्याचा हिशेब मात्र थट्टेचा नाही. ताशी शंभर किलोमीटरचा वारा चौरस मीटरला पंचेचाळीस-सत्तेचाळीस किलोचा जोर लावतो आणि छपराच्या कडेवर तो जोर वरच्या दिशेला, उपटून काढण्याचा असतो. पत्र्याचे स्वतःचे वजन पाच किलो. उरलेले चाळीस किलो स्क्रूंनी आणि भिंतीत रुतवलेल्या लोखंडाने धरून ठेवायचे असतात. खर्च वाचवायचा म्हणून स्क्रू दर तिसऱ्या पन्हळीऐवजी दर सहाव्या पन्हळीवर मारले आणि वर धोंडे, जुने टायर आणि वाळूची पोती ठेवली, तर वादळात पत्राही उडतो आणि धोंडाही खाली येतो. उडालेला पत्रा ज्याच्या अंगणात पडेल त्याचे आधी नुकसान होते आणि मग त्याच्याशी बोलणीही करावी लागतात. पाइप भिंतीवर नुसते टेकवून ठेवलेले असतील तर आख्खा सांगाडाच पत्र्यांसकट प्रवासाला निघतो. कवेलूचे छप्पर वादळात विस्कटते, पण गाव सोडून जात नाही.

गळतीत दोघांचे स्वभाव निराळे. कवेलू जिथे फुटतो साधारण तिथेच गळतो. त्याखाली पातेले ठेवले की भागते. टिन स्क्रूच्या भोकाशी पाणी घेतो, ते पत्र्याच्या पोटावरून पाइपापर्यंत आणि पाइपावरून सहा हात लांब चालत जाते आणि नेमके धानाच्या पोत्यावर उतरते. मिस्त्री पोत्याच्या वरचे भोक शोधत बसतो. पन्हळी पत्र्याला भोक शिरेवर पाडायचे असते, कारण पाणी खालच्या खाचेतून वाहते. वॉशर रबरी असेल तर उन्हाने काही वर्षांत तडकतो. तो बदलण्याचा खर्च किरकोळ आहे, पण त्यासाठी वर कोणी चढायचे यावर घरात चर्चा होते आणि शेवटी आठवण येते ती फेरणाऱ्याचीच.

विजेची तार पत्र्याच्या कडेवर घासत असेल तर आवरण फाटते आणि सगळे छप्परच जिवंत होते. ओल्या अंगाने त्या छपराला बांधलेल्या तारेवर कपडे वाळत घालणे जिवावर बेतते. खांबावरून येणारी तार पत्र्याला न टेकवता आत घेणे आणि घराला अर्थिंग असणे, या दोन गोष्टींवर काटकसर करू नये.

पत्र्याच्या दुकानात गिऱ्हाईक ‘गेज’ विचारते. गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ, हा या व्यापाराचा पहिला धडा असून तो बहुधा खरेदीनंतर मिळतो. अठ्ठावीस म्हणजे सव्वीसपेक्षा भारी, असे समजून पातळ पत्रा आनंदाने घरी नेणारे प्रत्येक गावात असतात. जाडी मिलिमीटरमध्ये विचारावी. जस्ताचा लेप चौरस मीटरमागे ग्रॅममध्ये सांगतात आणि तो आकडा दोन्ही बाजूंचा मिळून असतो: १२० ग्रॅमच्या पत्र्यावर एका बाजूला साडेआठ मायक्रॉनच्या आसपास जस्त, २७५ ग्रॅमच्या पत्र्यावर सुमारे एकोणीस. झीज दोन्हींवर सारखीच होते, म्हणून दुसरा दुपटीहून जास्त टिकतो. ‘हलका घ्या, वर्षानुवर्षे काही होत नाही,’ असे सांगणारा दुकानदार स्वतः स्लॅबखाली बसलेला असतो.

काही किरकोळ जमा राहिल्या. टिनावर पडलेले पाणी स्वच्छ उतरते. पंचवीस चौरस मीटरच्या छपरावरून वर्षाला जवळजवळ साडेबत्तीस हजार लिटर. ते साठवण्याएवढी टाकी कोणाकडे नसते, म्हणून ते शेजाऱ्याच्या भिंतीशी जाते आणि तिथून ग्रामपंचायतीत. टिन म्हातारा झाला तरी भंगारवाला किलोने घेतो. कवेलूच्या तुकड्यांना भाव नाही. कोहळ्याचा वेल टिनावर पावसाळ्यात सुखाने पसरतो आणि ऑक्टोबरच्या उन्हात कोमेजतो. सिमेंटचे पत्रे टिनापेक्षा कमी तापतात, पण वानरापुढे टिकत नाहीत, आणि जुन्या पत्र्यांतले ॲस्बेस्टॉस कापताना-फोडताना धूळ होऊन फुप्फुसात जाते. जनगणनेच्या २०११ सालच्या घरयादीने धातूचे आणि ॲस्बेस्टॉसचे पत्रे एकाच रकान्यात घातले, हातच्या आणि कारखान्यातल्या कवेलूंना मात्र वेगवेगळे रकाने दिले. कुंभारांना सरकारी कागदावर मिळालेला तेवढाच मान.

ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडातून रानटी हत्तींचा कळप गडचिरोली जिल्ह्यात आला आणि धान-मोहाच्या वासाने घरांपर्यंत पोचू लागला. त्याच्यापुढे कवेलू आणि टिन यांची तुलना करण्यात अर्थ नाही. हत्ती छपरापासून सुरुवात करत नाही, भिंतीपासून करतो.

राहिला स्लॅबचा प्रश्न. प्रधानमंत्री आवास योजनेचे ग्रामीण घरकुल २०१६ पासून किमान पंचवीस चौरस मीटरचे ठरले आणि डोंगरी, दुर्गम व नक्षलग्रस्त भागांसाठी त्याला १ लाख ३० हजार रुपये मदत ठरली. सळई, सिमेंट आणि वाळूचे भाव या रकमेला विचारून वाढत नाहीत. त्यामुळे हप्ता आणि भिंत यांची गाठ पडेपर्यंत अनेकांचा स्लॅब एका खोलीवर येऊन थांबतो, आणि पुढची छपरी, मागचे स्वयंपाकघर, न्हाणी आणि कोठा टिनाच्या पदरात पडतात. एकाच घरावर पुढे टिन, मध्ये स्लॅब आणि मागे आजोबांच्या वेळचे कवेलू असे दृश्य तालुक्यात जागोजागी दिसते. त्या घरातली माणसे उन्हाळ्यात कवेलूखाली, पावसाळ्यात स्लॅबखाली आणि सरकारी पाहणीच्या दिवशी घरकुलात राहतात. कोणी ठरवून केलेली नसली तरी ही वाटणी बरोबर आहे.

कोठा, छपरी, न्हाणी आणि धान ठेवायची खोली यांवर टिन खुशाल घालावा. तिथे तो कवेलूपेक्षा स्वस्त पडतो आणि रोहिणी नक्षत्रात कोणाची मनधरणी करावी लागत नाही. माणसे झोपतात त्या खोलीवर उघडा टिन घालू नये. घालणे भागच असेल तर तट्ट्याचे पैसे टिनाच्या पैशांतच धरावेत, पुढच्या वर्षावर टाकू नयेत. आणि छप्पर बदलताना उतरवलेले धड कवेलू फेकू नका. शेजारच्या घराला मृगाआधी दोनशे तरी लागतातच.